हाफ, हाल्फ, हाल्व, हाल्ब : साडेतीन की साडेचार?

तळटीप (धागाकर्ता)

जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश यांपैकी काही ना काही शिकणारे किंवा तिकडे राहणारे बरेच जण इथे दिसतात, म्हणून हा धागा. विषय एकाच शब्दाचा: 'अर्धा'. इंग्रजीत हाफ, जर्मनमध्ये हाल्ब, डचमध्ये हाल्फ, स्वीडिशमध्ये हाल्व. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये लिहिताना शेवटी 'व' असतो, बोलताना नुसतं 'हाल'. (उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळचे दिले आहेत, त्यावर वाद नको.) मूळ एकच. अर्थही एकच वाटतो, पण घड्याळ समोर आलं की फाटाफूट होते.

लंडनमध्ये किंवा डब्लिनमध्ये कुणी 'हाफ फोर' म्हणालं तर साडेचार. जर्मन 'हाल्ब फिअर', डच 'हाल्फ फीर', स्वीडिश 'हाल्व फीरा', नॉर्वेजियन 'हाल फीरे', डॅनिश आणि आइसलँडिकमधलेही याच घडणीचे शब्द: सगळ्यांचा अर्थ साडेतीन. शब्दाला शब्द तोच, आणि फरक चक्क एका तासाचा. यातली खरी गोची अशी की चूक कुठेच टोचत नाही. व्याकरण बरोबर, उच्चार बरोबर, समोरचा मान डोलावतो, आणि एक जण तासभर आधी किंवा तासभर उशिरा पोचतो.

कारण सोपं आहे. इंग्रजी 'हाफ फोर' हे 'हाफ पास्ट फोर'चं आखूड रूप. मधला 'पास्ट' बोलताना गळला. बाकीच्या भाषांत काहीच गळलेलं नाही. तिथे म्हणायचंय ते 'चौथा तास अर्धा झाला'. तीन वाजले की चौथा तास सुरू होतो, तो निम्मा सरला की साडेतीन.

घड्याळाखेरीज हाच शब्द 'दीड'मध्ये आहे आणि डॅनिश आकड्यांत तर त्याने धुमाकूळ घातलाय. जाणकारांनी भर घालावी.

काळाचौकी

छान धागा. एक शंका: अमेरिकन लोकही 'हाफ फोर' म्हणतात का?

तळटीप

सहसा नाही. ते 'फोर थर्टी' म्हणतात, फार तर 'हाफ पास्ट फोर'. 'हाफ फोर' ही ब्रिटिश-आयरिश बोलण्यातली लकब. उलट जुन्या स्कॉट्स बोलीत 'हाफ टेन' म्हणजे साडेनऊ, म्हणजे जर्मनसारखंच. एकाच बेटावर दोन्ही अर्थ नांदत होते.

नेकारकाठ

जर्मनचं जरा सविस्तर लिहितो, कारण क्लासमध्ये 'हाल्ब' एका ओळीत उरकतात आणि पुढची खरी अडचण सांगतच नाहीत.

तीन ते चार हा तास घ्या. तीन वाजून वीसपर्यंत हिशोब तीनपासून चालतो. तिथून पुढे खुंटी बदलते आणि मोजणी 'हाल्ब'पासून सुरू होते. ३:२५ म्हणजे 'फ्युन्फ फोर हाल्ब फिअर', साडेतीनला पाच कमी. ३:३५ म्हणजे 'फ्युन्फ नाख हाल्ब फिअर', साडेतीन वाजून पाच. ३:२० आणि ३:४० ला दोन्ही चालतं: 'तीन वाजून वीस' किंवा 'हाल्बला दहा कमी', 'चाराला वीस कमी' किंवा 'हाल्ब होऊन दहा'. म्हणजे ३:२५ सांगताना तोंडात 'चार' येतो आणि 'तीन'चा उच्चारही होत नाही. नवशिका त्या वाक्यातला 'पाच' आणि 'चार' पकडतो आणि चाराला पाच कमी, म्हणजे ३:५५ धरून बसतो. 'फोर' (आधी) आणि 'हाल्ब' हे दोन छोटे शब्द निसटले की तासातली तीस मिनिटं निसटली.

त्याहून अवघड प्रकार पूर्वेला आणि दक्षिणेला. सॅक्सनी, थुरिंगिया, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गचा बराच भाग, ऑस्ट्रियाची पूर्व बाजू: इथे 'फिअर्टेल फिअर' म्हणजे ३:१५ आणि 'द्राय-फिअर्टेल फिअर' म्हणजे ३:४५. पाव चार, अर्धा चार, पाऊण चार, चार. चौथा तास भांड्यासारखा भरत जातो. पद्धत म्हणून ही सगळ्यात सुसंगत, पण हॅम्बुर्ग किंवा कोलोनचा माणूसही 'फिअर्टेल फिअर' ऐकून गोंधळतो, कारण त्याच्याकडे 'फिअर्टेल नाख द्राय' म्हणतात. मराठी कानाला ते 'सव्वाचार' वाटतं. ते सव्वातीन आहे. 'द्राय-फिअर्टेल फिअर' मात्र आपल्या पावणेचारशी बरोब्बर जुळतं, तिथे डोकं चालवायची गरज नाही.

स्वित्झर्लंडमध्ये 'नंतर'साठी 'नाख'ऐवजी 'आब' वापरतात. अर्ध्याचा अर्थ तोच, साडेतीन.

डेल्फ्टची_निळाई

डचमध्ये हे आणखी कडक आहे. जर्मनमध्ये ३:२० ला पर्याय तरी आहे. नेदरलँड्समध्ये सर्वसाधारणपणे 'हाल्फ फीरला दहा कमी' असंच म्हणतात, आणि ३:४० म्हणजे 'तीन ओव्हर हाल्फ फीर'.

इथे मराठी माणसासाठी खास सापळा आहे. डचमध्ये दहाचा उच्चार 'तीन' असा होतो! तीनला 'द्री' म्हणतात. त्यामुळे 'तीन ओव्हर हाल्फ फीर' ऐकून मेंदू आधी 'तीन' पकडतो, मग 'हाफ', मग 'चार', आणि तिन्ही तुकड्यांची खिचडी होते. वाक्य उलगडायचा क्रम शेवटाकडून ठेवा: आधी तास (फीर, चार), मग त्यातून अर्धा काढा (साडेतीन), मग पुढे-मागे बघा (ओव्हर म्हणजे नंतर, फोर म्हणजे आधी), शेवटी मिनिटं. सरावाने हे सेकंदात होतं. सुरुवातीला लिहून घ्यावं.

आणि हो, 'फोर' म्हणजे 'आधी', 'फीर' म्हणजे 'चार', आणि इंग्रजीत 'फोर' म्हणजे चार. फोनवर आवाज खराब असेल तर नशीब तुमचं.

बाल्टिक_वारा

उत्तरेकडचं थोडक्यात. स्वीडिश: ३:२५ 'फेम ई हाल्व फीरा', ३:३५ 'फेम ओव्हर हाल्व फीरा', ३:२० ला साधं 'तीन वाजून वीस'. नॉर्वेजियन: 'आधी'साठी 'ई' नाही, 'पो'. ३:२० म्हणजे 'ती पो हाल फीरे'. स्वीडिश शिकून ऑस्लोला गेलेल्याची गाडी या 'पो'वर अडते, 'हाल'वर नाही.

काळाचौकी

हे सगळं जर्मेनिक वळण आहे म्हणायचं तर. इंग्रजीच तेवढी घराबाहेर पडली.

तळटीप

घराण्याशी त्याचा तसा संबंध नाही. चेक, रशियन या स्लाव्हिक भाषा, हंगेरियन आणि फिनिश तर इंडो-युरोपीय कुळातल्याही नाहीत. चारहींत 'अर्धा चार' किंवा 'चौथ्याचा अर्धा' म्हणजे साडेतीनच. हंगेरियनमध्ये पाव चार आणि पाऊण चारही आहेत, थेट सॅक्सनी-बव्हेरियासारखे. शेजारपाजारच्या भाषांनी मिळून वाटून घेतलेली ही सवय आहे.

अर्धमागधी

काळाचौकी, घराण्याचा विषय काढलाच आहे तर आपलं घर बघू. ही रीत आपल्याकडे परकी मुळीच नाही.

'अडीच' हा शब्द घ्या. संस्कृत अर्धतृतीय, प्राकृत अड्ढाइज्ज, मराठी अडीच. अर्धतृतीय म्हणजे 'तिसरा अर्धा': दोन पूर्ण आणि तिसऱ्यातला अर्धा. जर्मन 'हाल्ब द्राय' (अडीच वाजता) हीच घडण आहे. 'दीड'चं मूळ द्व्यर्ध, प्राकृत दिवड्ढ. त्यात 'दोन' दडलेला आहे, जसा 'हाल्ब त्स्वाय' मध्ये आहे. साडेतीनलाही जुना शब्द आहे: अर्धचतुर्थ, त्याचं अद्धुट्ठ, त्याचं 'औट'. संतवाङ्मयातला 'औट हात' देह तो हाच, साडेतीन हातांचा. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणणारी पिढी होती तोवर औट बोलण्यातही होता.

'साडे' हा शब्द 'सार्ध'वरून, म्हणजे 'अर्ध्यासह'. तो मागच्या पूर्ण आकड्याला चिकटतो: साडेचार म्हणजे चार आणि अर्धा. अडीचपर्यंत आपण जर्मनसारखे मोजतो आणि साडेतीनपासून इंग्रजांसारखे. 'पावणे' (पादोन, पावाने उणे) पुन्हा पुढच्या आकड्याकडून. एका तासात आपण दोनदा खुंटी बदलतो आणि आपल्याला ते जाणवतही नाही, तेव्हा जर्मनांना विचित्र म्हणायचं काम नाही.

दोन उतारे शेजारी ठेवतो. पाली दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात बुद्धाबरोबरच्या भिक्खूंची संख्या 'अड्ढतेळसेहि भिक्खुसतेहि' अशी येते. अड्ढतेळस म्हणजे 'अर्धा तेरावा', साडेबारा. साडेबारा शतं म्हणजे १२५० भिक्खू. आता इंग्लंड. अँग्लो-सॅक्सन बखरीत सन ८५१ च्या नोंदीत टेम्सच्या मुखाशी आलेल्या व्हायकिंग जहाजांची संख्या 'फेओर्थे हेआल्फ हुन्द', शब्दशः 'चौथं अर्धं शंभर'. ४५० नव्हे, ३५०. मराठीत 'औट शे' म्हणता आलं असतं. म्हणजे जुनी इंग्रजीही याच वाटेची होती. रस्ता तिने नंतर बदलला.

डेल्फ्टची_निळाई

वा! अड्ढतेळस माहीत नव्हतं. वाखू (वाचनखूण) साठवली.

काळाचौकी

अर्धमागधी, भारी. मग रोमन लोकांचं 'सेस्टर्टियस' नाणं त्यातलंच ना?

अर्धमागधी

हो. सेमिस (अर्धा) आणि टर्टियस (तिसरा). मुळात त्याची किंमत अडीच 'आस' (त्याहून लहान रोमन नाणं) होती. लॅटिनमध्ये दोन रेघा आणि सेमिसचा एस असं लिहीत, पुढे त्याचं एचएस सारखं चिन्ह झालं. नंतर नाण्याची किंमत चार आस झाली तरी नाव 'अडीचकी'च राहिलं. अवांतर झालं, पुन्हा उत्तरेकडे चला.

नेकारकाठ

'दीड'वर. जर्मन 'आन्डर्टहाल्ब', डच 'आन्डरहाल्फ', डॅनिश 'हालआनन', नॉर्वेजियन 'हालआन्नन'. आजच्या जर्मन आणि डचमध्ये 'आन्डर' म्हणजे 'दुसरा, निराळा', त्यामुळे शिकणारे हमखास 'दुसरा अर्धा भाग' असा अर्थ लावतात. इथला 'आन्डर' जुना आहे, क्रमवाचक: पहिला, दुसरा. दुसरा निम्मा, म्हणजे दीड. इंग्रजी 'अदर' त्याच मुळाचा, पण क्रम मोजायला इंग्रजीने फ्रेंचकडून 'सेकंड' उसना घेतला. स्वीडिश आणि डॅनिशमध्ये मात्र तो शब्द अजून 'दुसरा क्रमांक' म्हणून जिवंत आहे, म्हणून त्यांना हे कोडं पडत नाही.

पूर्वी जर्मनमध्ये 'द्रिटहाल्ब' (अडीच) वगैरे पुढचेही होते. ते गेले, 'त्स्वाय-आइन-हाल्ब' असे सरळ जोडशब्द आले. 'आन्डर्टहाल्ब'मधला 'ट' मुळात त्याचा नव्हेच, तो या मेलेल्या भावंडांकडून आलाय. दीडसाठी 'आइन-आइन-हाल्ब' हा पर्यायही रूढ आहे. दोन्ही बरोबर.

डेल्फ्टची_निळाई

वापरातला फरक सांगते, कारण चुका तिथे होतात. डचमध्ये दीडनंतर नाम एकवचनी: 'आन्डरहाल्व्ह वेक', दीड आठवडा, पण दोनपासून अनेकवचन. शिवाय 'दे' हे उपपद घेणाऱ्या गटातल्या नामापुढे विशेषणाला शेवटी 'अ' लागतो ('आन्डरहाल्व्ह वेक'), 'हेत' गटात नाही ('आन्डरहाल्फ यार', दीड वर्ष). जर्मनमध्ये 'आन्डर्टहाल्ब' कधीच बदलत नाही आणि नाम अनेकवचनी. जर्मन आधी शिकलेले डचमध्ये हमखास इथे घसरतात.

कोविडकाळात तिकडे दीड मीटर अंतराचा नियम होता. 'दीड-मीटर-समाज' अशा अर्थाचा एक लांबलचक जोडशब्द सर्वतोमुखी झाला आणि फान डाले या शब्दकोशाचा २०२० चा 'वर्षाचा शब्द'ही ठरला.

बाल्टिक_वारा

डॅनिशमध्येही दीडनंतर एकवचन, आणि लिंगानुसार रूप बदलतं: सामान्य लिंगात शेवटी 'न' (दीड तास), नपुंसकात 'त' (दीड वर्ष). स्वीडिशमध्ये 'हाल्वआन्नान' आता जुनाट वाटतो, 'एक आणि एक अर्धा' असंच म्हणतात.

आता डॅनिश आकडे. मागणी आहेच, तर एकदाच नीट.

वीस म्हणजे त्यूवे. 'सिने' हा जुना शब्द, अर्थ 'पट, वेळा'. साठ म्हणजे 'त्रे-सिन्स-त्यूवे', तीन वेळा वीस. रोजच्या बोलण्यात शेपूट कापून 'त्रेस'. ऐंशी म्हणजे चार वेळा वीस, 'फीर्स'. इथपर्यंत ठीक. पन्नासला वीसाची पूर्ण पट नाही, अडीच पट आहे. मग अडीचला जुना शब्द 'हाल-त्रेद्ये' (अर्धा तिसरा, अर्धमागधींचा अर्धतृतीय) घेतला: 'हाल-त्रे-सिन्स-त्यूवे', त्याचं 'हालत्रेस'. सत्तर म्हणजे साडेतीन वेळा वीस, 'हालफ्येर्स'. नव्वद म्हणजे साडेचार वेळा वीस, 'हालफेम्स'.

नुसत्या शब्दाकडे बघून 'हालत्रेस' म्हणजे त्रेसच्या (साठच्या) निम्मे, तीस असं वाटतं. पन्नास आहे. 'हालफेम्स'मध्ये फेम म्हणजे पाच दिसतो, आणि डोकं पन्नासकडे धावतं. नव्वद आहे. नियम एवढाच लक्षात ठेवा: 'हाल' दिसला की पुढच्या आकड्यातून अर्धा वजा, मग गुणिले वीस. तीनातून अर्धा गेला अडीच, पन्नास. चारातून अर्धा, साडेतीन, सत्तर. पाचातून अर्धा, साडेचार, नव्वद. चाळीसला हे लावू नका, तो 'चार दहा'वरून आलाय.

गंमत म्हणजे बहुतेक डॅनिश लोकांना ही फोड माहीत नसते. त्यांना ते नुसते आकड्यांचे शब्द. लांब रूप मात्र क्रमवाचकात अजून लागतं: 'पन्नासावा' म्हणायचं तर पूर्ण 'हालत्रेसिन्सत्यूवेने' म्हणावं लागतं. फॅरो बेटांच्या भाषेतही हे आकडे डॅनिशमधून गेलेत.

स्वीडिश आणि नॉर्वेजियनमध्ये सरळ 'पाच-दहा, सात-दहा, नऊ-दहा' अशी घडण. म्हणून एरवी एकमेकांचं बोलणं बऱ्यापैकी कळणारे हे शेजारी किंमत आली की अडतात. सन २००० मध्ये कोपनहेगन आणि माल्म्योमधला पूल खुला झाला, रोजची ये-जा वाढली, आकडे जिथल्या तिथे.

तळटीप

शिवाय डॅनिशमध्ये एकक आधी, दशक नंतर, बरोबर?

बाल्टिक_वारा

हो, आणि तिथे मराठी माणूस फायद्यात. बावन्न म्हणजे 'तो-ओ-हालत्रेस', दोन आणि पन्नास. आपणही 'बा' आधी आणि 'वन्न' नंतर म्हणतो. नॉर्वेने १९५१ मध्ये हा क्रम अधिकृतपणे उलटवून दशक आधी आणलं, तरी बोलण्यात जुना क्रम अजून ऐकू येतो.

डॅनिश फोन नंबर आठ अंकी, आणि बरेचदा दोन-दोनच्या चार जोड्यांत सांगतात. तिथे उडी चुकते. 'तो-ओ-हालफेम्स' ऐकताना 'दोन' ऐकू आला की लगेच दोन लिहू नका. डावीकडे जागा सोडून २ लिहा, 'हालफेम्स' आला की त्याच्या आधी ९ भरा. नाहीच जमलं तर एकेक आकडा सांगायला सांगा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

अर्धमागधी

एक निराळा धागादोरा. जर्मेनिक भाषांत या शब्दाचा जुना अर्थ 'बाजू' असाही होता. गॉथिकमध्ये 'हाल्बा' म्हणजे बाजू, भाग. इंग्रजी 'बिहाफ' (कुणाच्या वतीने) म्हणजे त्याच्या बाजूने. त्यात 'अर्धा' शोधू नये. जर्मन 'देसहाल्ब' (म्हणून), 'वेसहाल्ब' (का), 'इनरहाल्ब' (आत), 'आउसरहाल्ब' (बाहेर) हे सगळे बाजूवाले. डच 'बहाल्व्ह' म्हणजे 'वगळता': बाजूला ठेवून. इंग्रजी 'बिहाफ' आणि डच 'बहाल्व्ह' कानाला जुळे आणि अर्थाने जवळजवळ उलटे, एक बाजू घेणारा, दुसरा बाजूला काढणारा. आइसलँडिकमध्ये खंडाला 'जगाची बाजू' म्हणतात, त्यातही हाच शब्द.

काळाचौकी

मला 'देसहाल्ब' म्हणजे 'अर्ध्या कारणाने' वाटायचं :)

घड्याळबाबा

सगळं वाचलं. कामाचं एक सांगा: जर्मनीत डॉक्टरची वेळ फोनवर घेताना काय म्हणायचं? आणि साडेबाराला?

नेकारकाठ

साडेबारा म्हणजे 'हाल्ब आइन्स'. 'हाल्ब आइन' नव्हे; 'आइन' फक्त 'आइन उअर' (एक वाजता) मध्ये. आणि 'हाल्ब त्स्व्योल्फ' म्हणजे साडेअकरा, ही चूक सगळ्यात जास्त होते.

'हाल्ब' फक्त बारा तासांच्या मोजणीत चालतो, 'हाल्ब सोळा' असं कुणी म्हणत नाही. म्हणून त्यांनी 'हाल्ब फिअर' म्हटलं की लगेच चोवीस तासांत उलटून विचारा: 'फ्युन्फत्सेन उअर द्रायसिश?' म्हणजे पंधरा तीस? हो म्हणाले की विषय मिटला. डचमध्ये 'फैफतीन उर देर्तिख', स्वीडिशमध्ये 'फेमतोन त्रेत्ती'. वेळापत्रकं, तिकिटं, लेखी निरोप चोवीस तासांतच असतात, तिथे ही भानगड नाही; घोटाळा होतो तो तोंडी बोलण्यात. बस थांब्यावर नुसतं 'फ्युन्फ फोर हाल्ब' ऐकलंत, तास न सांगता, तर दर तासाच्या पंचविसाव्या मिनिटाला बस आहे.

जर्मन माणसाशी इंग्रजीत बोलताना मात्र 'हाफ' हा शब्दच टाळा. तुम्ही 'हाफ फोर' म्हणालात तर तो साडेतीनला येईल, आणि तो म्हणाला तर त्याच्या मनात काय आहे ते तो किती वर्षं इंग्लंडमध्ये राहिलाय यावर. 'थ्री थर्टी' म्हणा.